विचारून वागणारे, मराठीत बोलणारे ॲप

(लोकोपयोगी ॲपची आखणी व वापर या विषयावरील प्रशिक्षण वर्गात अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)

आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी आपल्या कामापासून दूरचा वाटेल. भ्रमणध्वनीच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती निघते, तेव्हा तिच्यात आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी, म्हणजे प्रोग्रॅमर मंडळींसाठी, कोणत्या नव्या सोयी येतात, हा तो विषय. हे काम अभियंत्यांचे आहे. कचेरीत टिपणी लिहिणाऱ्याने, वर्गात शिकविणाऱ्याने किंवा ग्रामसभेत उत्तर देणाऱ्याने त्यात लक्ष का घालावे, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या शंकेचे उत्तर सोपे आहे. ॲप लिहिणारा अभियंता असतो, परंतु ते लिहून घेणारे आपण असतो. मागणीपत्रावर सही आपली असते. ॲप गावात पोहोचल्यावर त्यासंबंधीचे प्रश्न आपल्याला विचारले जातात. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीचा उपक्रम राज्यभर सुरू झाला आणि शेतकरी आपल्या शेतातील पिकाची नोंद आपल्याच फोनवरून करू लागला. त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांच्या हाती पोषण ट्रॅकर हे केंद्र शासनाचे ॲप आले. शाळा, पाणीपुरवठा, करवसुली, आरोग्य अशा अनेक कामांत ॲपने प्रवेश केला आहे. अशा वेळी फोनच्या आत कोणते नियम चालतात याची किमान माहिती असणे, हे आता दप्तर कसे ठेवावे हे माहीत असण्याइतकेच आवश्यक झाले आहे.

विषय व्यापक असल्यामुळे मी एकच उदाहरण घेणार आहे. गूगल या कंपनीने अँड्रॉइड या कार्यप्रणालीची तेरावी आवृत्ती १५ ऑगस्ट २०२२ रोजी प्रसृत केली. त्यानंतर आणखी आवृत्त्या आल्या आहेत. तथापि नागरिकाला विचारल्याशिवाय काही करू नये आणि नागरिकाशी त्याच्या भाषेत बोलावे, ही दोन सूत्रे तेराव्या आवृत्तीत जितकी स्पष्टपणे एकत्र आली, तितकी पूर्वी आली नव्हती. म्हणून तिची निवड केली आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

फोन हे एक यंत्र आहे. त्याला कॅमेरा आहे, ध्वनिग्राहक आहे, आपण कोठे आहोत हे उपग्रहांच्या साहाय्याने ओळखण्याची सोय आहे. या यंत्राचा कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. अँड्रॉइडची घोषणा नोव्हेंबर २००७ मध्ये झाली आणि तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. आपल्या देशातील बहुसंख्य स्मार्टफोन आज याच प्रणालीवर चालतात.

अँड्रॉइडची रचना एखाद्या मोठ्या वाड्यासारखी आहे, असे समजा. प्रत्येक ॲपला वाड्यात स्वतंत्र खोली दिलेली असते. एका खोलीतील बिऱ्हाडाला दुसऱ्या खोलीत डोकावता येत नाही. कॅमेरा, छायाचित्रे, संपर्कांची यादी, फोनचे ठिकाण या वस्तू सामाईक कोठारात असतात आणि कोठाराच्या किल्ल्या प्रणालीकडे असतात. एखाद्या ॲपला किल्ली हवी असल्यास त्याने ती मागावी, प्रणालीने फोनच्या मालकाला विचारावे आणि मालकाने होय म्हटले तरच किल्ली द्यावी, अशी ही व्यवस्था आहे. किल्लीच्या या व्यवहाराला आपण परवानगी म्हणतो.

नव्या आवृत्तीत दोन प्रकारचे बदल होतात. रंग, चिन्हे, पडद्याची मांडणी यांतील बदल सर्वांना दिसतात. दुसऱ्या प्रकारचे बदल ॲप लिहिणाऱ्यांसाठी असतात. कोणती किल्ली कशी मागावी, मजकूर कोठे ठेवावा, संदेश कसा पाठवावा, याचे नियम त्यांत बदलतात. हे बदल डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु ॲप नागरिकाशी कसे वागेल हे त्यांवरून ठरते.

एकदा तयार केले की संपले, असे नाही

प्रत्येक आवृत्तीला ॲप लिहिणाऱ्यांच्या व्यवहारात एक क्रमांक असतो. तेराव्या आवृत्तीचा क्रमांक ३३ आहे. आपण कोणत्या क्रमांकाच्या नियमांप्रमाणे लिहिलेले आहोत, हे प्रत्येक ॲपला आपल्या नोंदपत्रात जाहीर करावे लागते. गूगलच्या प्ले स्टोअर या ॲपभांडाराने ३१ ऑगस्ट २०२३ पासून असा नियम केला की, नवे ॲप किंवा जुन्या ॲपची सुधारित प्रत द्यावयाची असेल तर ती किमान ३३ या क्रमांकासाठी लिहिलेली असली पाहिजे. जी जुनी ॲप ३१ या क्रमांकापर्यंतही आली नव्हती, ती नव्या आवृत्तीचे फोन घेणाऱ्या नव्या वापरकर्त्यांना भांडारात मिळेनाशी झाली. पुढील वर्षांत ही मर्यादा ३४ आणि नंतर ३५ अशी वर सरकली.

याचा आपल्या दृष्टीने अर्थ काय? रस्ता बांधला की त्याची देखभाल ठेवावी लागते, हे आपण जाणतो आणि त्यासाठी तरतूदही करतो. ॲपच्या बाबतीत मात्र तयार करण्यापुरता खर्च मंजूर करून प्रकरण बंद केले जाते. दोन वर्षांनी नवा फोन घेतलेला ग्रामस्थ ते ॲप शोधतो आणि त्याला ते सापडत नाही. दरवर्षीच्या नियमांप्रमाणे ॲप सुधारून देण्याचे कलम करारात नसेल, तर हा प्रसंग आज ना उद्या ओढवणारच. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवावयाची ती ही की, देखभालीची तरतूद हा ॲपच्या खर्चाचाच भाग आहे.

परवानगीचा प्रवास

परवानगीची पद्धत आज आहे तशी आरंभापासून नव्हती. २०१५ सालापूर्वी ॲप फोनवर घेतानाच त्याच्या सर्व मागण्यांची यादी दाखविली जाई. यादी मान्य असेल तर ॲप घ्या, नसेल तर घेऊ नका, असा तो व्यवहार होता. यादी वाचणारे थोडे, समजणारे त्याहून थोडे आणि नाकारण्याची सोय मुळीच नाही.

२०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीने हा प्रकार बदलला. ॲपने ज्या क्षणी किल्लीची गरज असेल त्या क्षणी विचारावे आणि नागरिकाला एक परवानगी देऊन दुसरी नाकारता यावी, अशी सोय झाली. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत फोनचे ठिकाण ‘केवळ ॲप वापरत असतानाच’ सांगण्याचा पर्याय आला. २०२० च्या अकराव्या आवृत्तीत ‘फक्त या वेळी’ असा एकवारचा पर्याय मिळाला आणि काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप परत घेण्याची व्यवस्था झाली. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत अचूक ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देता येऊ लागले. हा अंदाज सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या परिसराचा असतो.

हा शेवटचा बदल आपल्या कामाशी ताडून पाहू. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या ॲपला शिवार कळले तरी पुरते. त्याला नागरिकाच्या अंगणापर्यंत पोहोचण्याचे कारण नाही. उलट, पिकाची नोंद विशिष्ट गटात झाली हे ठरवावयाचे असेल, तर अचूक ठिकाण लागणारच. एकाच शेतकऱ्याच्या फोनवर दोन ॲप असतील आणि दोघांची गरज निरनिराळी असेल. गरज काय, याचा विचार ॲप लिहून घेणाऱ्याने आधी केला पाहिजे. प्रणाली आता तो विचार करावयास भाग पाडते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

तेराव्या आवृत्तीने काय बदलले?

तेराव्या आवृत्तीतील पहिला महत्त्वाचा बदल सूचनांबाबत आहे. फोनच्या वरच्या कडेला जे संदेश झळकतात, त्यांना आपण सूचना म्हणतो. पूर्वी ॲप घेतले की त्याला सूचना पाठविण्याचा अधिकार आपोआप मिळे. तेराव्या आवृत्तीपासून नव्याने घेतलेल्या ॲपच्या सूचना मुळात बंद असतात; ॲपने नागरिकाची परवानगी घेतल्यावरच त्या सुरू होतात.

येथे एक बारकावा आहे आणि तो लोकांच्या कामाच्या ॲपला फार महत्त्वाचा आहे. ॲप ३३ या क्रमांकाप्रमाणे लिहिलेले असेल, तर ही परवानगी कधी मागावी हे ॲप ठरवू शकते. ते जुन्या नियमांप्रमाणे लिहिलेले असेल, तर प्रणाली स्वतःच, बहुधा ॲप प्रथम उघडताक्षणी, हा प्रश्न विचारते. नागरिकाला अजून ॲप कशाचे आहे हेही समजलेले नसते. तो ‘नको’ म्हणून मोकळा होतो. अशा जुन्या ॲपच्या बाबतीत एकदा ‘नको’ म्हटले की, ते ॲप काढून पुन्हा घेईपर्यंत किंवा ते नव्या नियमांप्रमाणे सुधारले जाईपर्यंत तो प्रश्न पुन्हा येत नाही. पाणी कोणत्या वेळी सुटणार, लसीकरण कोणत्या दिवशी, ही सूचना मग त्या घरी पोहोचतच नाही. आणि ती पोहोचली नाही हे पंचायतीलाही उमगत नाही.

याउलट, नागरिकाने ॲपमध्ये आपल्या वाडीचे नाव निवडले आणि त्याच क्षणी ‘आपल्या वाडीत पाणी सुटण्याची वेळ बदलल्यास कळवू का?’ असे त्याला मराठीत विचारले, तर तो समजून उत्तर देईल. परवानगी तीच, किल्ली तीच. परंतु विचारण्याची वेळ आणि रीत यांमुळे फरक पडतो.

सूचनांसंबंधी आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ॲपला आपल्या सूचनांचे प्रकार पाडावे लागतात आणि नागरिकाला एखादा प्रकार बंद ठेवून दुसरा चालू ठेवता येतो. या सोयीचा उपयोग न करता सर्व संदेश एकाच प्रकारात टाकले, तर काय होते? अभिनंदनाचे, उद्घाटनाचे, सणाच्या शुभेच्छांचे संदेश रोज येऊ लागतात आणि त्यांना कंटाळून नागरिक सगळ्याच सूचना बंद करतो. मग धरणातून पाणी सोडण्याची सूचनाही त्यांच्याबरोबर बंद होते. आपण शुभेच्छांची हौस केली आणि त्याची किंमत नदीकाठच्या घराने मोजली, असे होता कामा नये. अर्थात जिवाशी संबंध असलेली वार्ता केवळ ॲपवर विसंबून ठेवू नये. दवंडी, ध्वनिक्षेपक आणि प्रत्यक्ष निरोप यांची जागा ॲपने घेतलेली नाही.

दुसरा बदल छायाचित्रांबाबतचा आहे. पूर्वी एखाद्या ॲपला एक छायाचित्र द्यावयाचे असले, तरी फोनमधील सर्व साठा वाचण्याची परवानगी मागण्याचा प्रघात होता. तेराव्या आवृत्तीत छायाचित्र निवडण्याची एक खिडकी प्रणालीनेच पुरविली. ती खिडकी उघडते, नागरिक हवी ती एक-दोन छायाचित्रे निवडतो आणि तेवढीच ॲपच्या स्वाधीन होतात. ॲपला कोठाराची किल्ली लागतच नाही. ही सोय पुढे अनेक जुन्या आवृत्त्यांच्या फोनवरही पोहोचविण्यात आली. ज्यांना खरोखरच साठा वाचावा लागतो, त्यांच्यासाठी छायाचित्रे, चलच्चित्रे आणि ध्वनिमुद्रणे अशा तीन निरनिराळ्या परवानग्या करण्यात आल्या.

शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. विद्यार्थ्याने केलेल्या चित्राचा किंवा प्रयोगाचा फोटो पालकाने पाठवावा, एवढाच ज्या ॲपचा हेतू आहे, त्याने घरातील सर्व छायाचित्रे पाहण्याची मागणी करावी, याला कोणतेही कारण उरलेले नाही. फोन बहुधा आईवडिलांचा असतो. त्यात घरातील मंगल प्रसंग असतात, दवाखान्याचे कागद असतात, बँकेच्या पुस्तकाची पाने असतात.

तिसरा बदल लहान दिसतो, पण त्यामागील विचार मोठा आहे. आपल्याला आता नको असलेली परवानगी स्वतःहून परत करण्याची सोय ॲपला मिळाली. काम संपल्यावर किल्ली खुंटीला लावून जाणारा माणूस आपण प्रामाणिक समजतो. ॲपलाही आता तसे वागता येते. हंगामी नोंदणीसाठी तयार केलेल्या ॲपने हंगाम संपताच ठिकाणाची परवानगी सोडून द्यावी, असे मागणीपत्रात लिहिता येईल.

ॲपची भाषा

आता दुसऱ्या सूत्राकडे वळतो. तेराव्या आवृत्तीपूर्वी फोनची जी भाषा, तीच सामान्यतः त्यातील ॲपची भाषा असे. फोन इंग्रजीत ठेवला असेल तर ॲपही इंग्रजीत बोले, मग त्यात मराठी मजकूर असला तरी. वेगळी भाषा निवडण्याची सोय हवी असल्यास ती प्रत्येक ॲपला स्वतंत्रपणे करावी लागे. तेराव्या आवृत्तीने प्रत्येक ॲपसाठी निराळी भाषा निवडण्याची व्यवस्था प्रणालीतच केली. नागरिकाने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बँकेचे ॲप इंग्रजीत, बातम्यांचे हिंदीत आणि ग्रामपंचायतीचे मराठीत ठेवावे, असे शक्य झाले.

आपल्याकडे याचे महत्त्व अधिक आहे. एक फोन आणि घरात चार माणसे, ही स्थिती अनेक ठिकाणी आहे. मुलगा महाविद्यालयात शिकतो म्हणून फोन इंग्रजीत असतो. त्याच फोनवर आईला बचत गटाचे काम करावयाचे असते. संपूर्ण फोनची भाषा बदलावी तर मुलाची अडचण, न बदलावी तर आईची. भाषा ॲपपुरती बदलता आली की दोघांचेही काम होते.

परंतु ही सोय आपोआप मिळत नाही. आपण कोणकोणत्या भाषा बोलतो, याची यादी ॲपने प्रणालीला द्यावी लागते. ती यादी दिलेली नसेल, तर ॲपमध्ये मराठी असूनही सेटिंगमधील यादीत त्याचे नाव तेराव्या आवृत्तीत येत नाही. शिवाय पडद्यावरील प्रत्येक वाक्य आज्ञावलीच्या ओळींत न गुंफता भाषेनुसार वेगळ्या फायलीत ठेवावे लागते. मराठीच्या फायलीत एखादे वाक्य राहून गेले, तर प्रणाली त्याऐवजी ॲपच्या मूळ भाषेतील, बहुधा इंग्रजीतील, वाक्य दाखविते. अर्धा पडदा मराठीत आणि ‘नाकारा’ किंवा ‘पुढे जा’ हे नेमके महत्त्वाचे बटण इंग्रजीत, हा प्रकार यातूनच उद्भवतो. भाषांतराची तपासणी मराठी जाणणाऱ्या माणसाने प्रत्येक पडदा उघडून केली पाहिजे. महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम, १९६४ लागू आहे. कागदावरील कारभारात मराठीचा आग्रह धरणाऱ्या कचेरीने पडद्यावरील कारभारात तो सोडण्याचे कारण नाही.

लिपीचाही विचार येथे झालेला आहे. रोमन अक्षरांच्या उंचीप्रमाणे ओळींतील अंतर ठेवले, तर काही लिप्यांतील खालच्या-वरच्या खुणा कापल्या जातात. तेराव्या आवृत्तीत तमिळ, तेलुगू, बर्मी, तिबेटी यांसारख्या लिप्यांसाठी त्या त्या भाषेला साजेशी ओळीची उंची वापरण्याची सुधारणा करण्यात आली. देवनागरीतही मात्रा, रफार आणि उकार यांना जागा लागते. म्हणून मराठी मजकूर लहान फोनच्या पडद्यावर, अक्षरे मोठी करूनही, नीट दिसतो की नाही, हे स्वीकृतीपूर्वी पाहून घ्यावे.

अंकांची गोष्ट मात्र जरा फसवी आहे. फोनची किंवा ॲपची भाषा मराठी केली की तारखा व संख्या देवनागरी अंकांत दाखविण्याची प्रणालीची मूळ रीत आहे. वाचणाऱ्याला ते सोयीचेच आहे. पण ॲप लिहिणाऱ्याने काळजी घेतली नाही, तर तीच देवनागरी अंकांतील तारीख कार्यालयाच्या संगणकाकडे पाठविली जाते. तो संगणक केवळ इंग्रजी अंक ओळखत असेल, तर अर्ज नाकारला जातो. मराठी निवडणाऱ्याचा अर्ज परत आणि इंग्रजी निवडणाऱ्याचा मंजूर, असा विचित्र भेद त्यातून निर्माण होतो आणि त्याचे कारण अर्जदाराला कधीच कळत नाही. उपाय साधा आहे. दाखविण्याचे अंक भाषेप्रमाणे असावेत, पाठविण्याचे अंक ठरावीक असावेत. ॲप स्वीकारण्यापूर्वी ते मराठीत ठेवून एक संपूर्ण अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. एवढ्या एका चाचणीने पुष्कळ तक्रारी टळतील.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, चौदाव्या आवृत्तीत आणखी एक सोय आली. व्याकरणातील लिंगानुसार एकाच वाक्याचे निरनिराळे पाठ ठेवण्याची ती सोय होय. मराठीला ती विशेष उपयोगाची आहे. ‘आपण पात्र ठरला आहात’ आणि ‘आपण पात्र ठरल्या आहात’, किंवा विद्यार्थ्याला ‘तू उत्तीर्ण झालास’ आणि विद्यार्थिनीला ‘तू उत्तीर्ण झालीस’, हा फरक इंग्रजीत लिहिलेल्या मूळ वाक्यात नसतो. त्यामुळे भाषांतरात सगळ्या स्त्रिया पुल्लिंगी होऊन जातात. आपल्याला कसे संबोधावे, हे ॲपने एकदा विचारावे आणि त्याप्रमाणे वाक्य निवडावे. बचत गटाच्या अध्यक्षबाईंना किंवा शाळेतील मुलीला ॲपने नीट संबोधणे, हा साध्या सौजन्याचा भाग आहे.

कायद्याची दिशा

आतापर्यंत सांगितलेले नियम एका खासगी कंपनीने आपल्या प्रणालीसाठी केलेले आहेत. परंतु आपल्या देशाच्या कायद्याची दिशाही याहून वेगळी नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

या अधिनियमातच एक बोलके उदाहरण दिले आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे एक ॲप एका व्यक्तीकडून सल्ल्यासाठी लागणारी माहिती आणि फोनमधील संपर्कांची यादी, अशा दोन्हींसाठी संमती घेते आणि ती व्यक्ती दोन्हींना होकार देते. तरीही संपर्कांची यादी सल्ला देण्यासाठी आवश्यक नसल्यामुळे तिची संमती पहिल्या कामापुरतीच मर्यादित राहते, असे कायदा सांगतो. म्हणजे ‘त्यांनी होय म्हटले होते’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. मागणी कामाला आवश्यक होती काय, हेही सांगावे लागते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला असला पाहिजे, असेही या अधिनियमात आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते. अनुदान, लाभ, दाखले अशा कामांसाठी शासनाला काही अटींवर वेगळी मुभा आहे. तथापि मुभा आहे म्हणून गरजेपेक्षा अधिक मागावे, असा तिचा अर्थ होत नाही.

दोन आक्षेप

या संदर्भात दोन आक्षेप ऐकू येतात. एक असा की, आपला ग्रामस्थ साधा आहे. त्याला एकेक परवानगी विचारत बसलो तर तो गोंधळेल, त्यापेक्षा आरंभीच सर्व परवानग्या घेऊन टाकाव्यात. हा आक्षेप मला मान्य नाही. जो माणूस सातबाऱ्यावरील एकेक नोंद बारकाईने पाहतो, सावकाराच्या कागदावर अंगठा देण्यापूर्वी चार जणांना विचारतो, त्याला प्रश्न समजत नाही असे नाही. त्याला प्रश्न त्याच्या भाषेत आणि योग्य वेळी विचारला जात नाही, ही अडचण आहे. एकापाठोपाठ एक पाच खिडक्या आदळल्या तर सुशिक्षितही न वाचता बटण दाबतात.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. प्रणालीने कितीही किल्ल्या सांभाळल्या, तरी एकदा माहिती फोनबाहेर जाऊन कार्यालयाच्या संगणकात पडली की पुढे काय, असे काही जण विचारतात. हे खरे आहे. प्रणालीचा पहारा वाड्याच्या दरवाजापर्यंतच असतो. त्यापुढील जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या कार्यालयाची आहे. ती कोणाला पाहता येईल, किती दिवस ठेवावयाची, कधी पुसावयाची, हे कार्यालयानेच ठरविले पाहिजे. म्हणूनच मुळात कमी मागावे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. जी माहिती घेतलीच नाही, ती हरवण्याचे किंवा चुकीच्या हाती पडण्याचे भय उरत नाही.

आपण काय करावे?

अधिकारी बंधुभगिनींना माझी विनंती अशी की, ॲपच्या मागणीपत्रासोबत एक तक्ता जोडावा. डाव्या बाजूला ॲप जी परवानगी मागणार आहे तिचे नाव, मध्ये ती कोणत्या कामासाठी, आणि उजवीकडे तिच्यावाचून काम कसे होईल. मधला रकाना भरता आला नाही, तर ती परवानगी काढून टाकावी. करारात दरवर्षीच्या आवृत्तीप्रमाणे सुधारणा, मराठी मजकुराची संपूर्ण तपासणी आणि मराठीत अर्ज शेवटपर्यंत भरून पाहण्याची चाचणी, ही तीन कलमे असावीत. परवानगी नाकारणाऱ्या नागरिकाचे काम अडून राहणार नाही, त्याला कचेरीत येऊन किंवा हाताने माहिती भरून ते करता येईल, याचीही व्यवस्था असावी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्फत पालकांना फोनमधील दोन ठिकाणे दाखवावीत. कोणत्या ॲपला कोणती परवानगी दिली आहे, हे जेथे दिसते ते एक आणि ॲपची भाषा जेथे बदलते ते दुसरे. एका तासिकेचे हे काम आहे. पण त्यामुळे होय आणि नाही हे दोन्ही शब्द समजून उच्चारण्याची सवय मुलांना लागेल.

पंचायत सदस्यांनी गावात नवे ॲप येईल तेव्हा ग्रामसभेत चार प्रश्न विचारावेत. हे मराठीत आहे काय? हे आमच्याकडून काय मागते आणि कशासाठी? ज्याच्याकडे नवा फोन नाही, किंवा मुळीच फोन नाही, त्याने काय करावे? आणि हे बंद पडले तर कोणाकडे जावे? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर ते ॲप गावाच्या उपयोगाचे आहे असे समजावे. उत्तरे मिळाली नाहीत, तर ती मिळेपर्यंत विचारीत राहावे.

मित्रहो, दूरच्या देशात अभियंत्यांनी प्रणालीत केलेल्या बदलांनी आपल्या हाती साधने दिली आहेत. विचारण्याची सोय आहे, नाकारण्याची सोय आहे, मराठीत बोलण्याची सोय आहे. त्या सोयी वापरावयाच्या की नाही, हे मात्र आपल्या मागणीपत्रातील चार ओळींवर अवलंबून आहे. दारात आलेला सरकारी माणूस आपले नाव सांगतो, येण्याचे कारण सांगतो आणि बसू का, असे विचारतो, तेव्हा घरातील माणसे त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात. आपल्या ॲपनेही घरात असेच यावे, यासाठी त्या चार ओळी काळजीपूर्वक लिहाव्यात, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.